विभक्ती हरवलेले गद्य

प्रत्येक काळाचे आपले असे एक गद्य असते. बखरकारांचे एक होते, मिशनऱ्यांच्या छापखान्यांतून निघालेले दुसरे, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांचे तिसरे. या सर्वांची चिकित्सा आपल्याकडे झाली आहे. परंतु आज स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत जे मराठी गद्य रोज मोबाइलवर उघडले जाते, त्याच्याकडे साहित्याच्या प्रांतातील मंडळी फारशी वळलेली नाहीत. हे गद्य माणसांना उद्देशून असते, 'नमस्कार मित्रांनो' असे ते प्रारंभीच म्हणते. पण लिहिणाऱ्याची नजर त्या मित्रांवर नसते. ती असते गूगलसारख्या शोधयंत्रावर. कोणी काही शोधले की हे यंत्र लाखो पानांतून दहावीस पाने निवडून समोर मांडते. त्या दहांत आपले पान यावे, शक्य तर पहिले यावे, यासाठी जी खटपट करतात तिला धंद्यातली माणसे एसईओ म्हणतात. त्या खटपटीतून जन्मलेल्या लेखनाला मी या लेखापुरते 'शोधगद्य' म्हणणार आहे.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या बाईने या बाजारात शिरण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, हे गद्य आता माझ्या वर्गातील वह्यांत आले आहे आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पोटापाण्यातही आले आहे. शिवाय मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माणसाला एक मोकळीक असते. कोणते लेखन चिकित्सेच्या लायकीचे आणि कोणते नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

प्रथम नमुना पाहू. "चकली रेसिपी मराठी. नमस्कार मित्रांनो, आज आपण चकली रेसिपी मराठी मध्ये पाहणार आहोत. चकली रेसिपी मराठी ही दिवाळी मध्ये सर्वांना आवडणारी रेसिपी आहे. तर चला, चकली रेसिपी मराठी साठी लागणारे साहित्य पाहूया." हा उतारा मी रचला आहे, परंतु याची सख्खी भावंडे ज्याला हवी त्याला पाच मिनिटांत सापडतील. दिवाळीच्या आधी आठ दिवस तर ती आपण होऊन दारात येतात.

या उताऱ्यातील पुनरुक्ती कोणाच्याही कानाला टोचेल. पण पुनरुक्ती हा त्याचा खरा दोष नव्हे. आरतीत धृपद येते, ओवीत 'बाई' येते, आणि आपण त्याला दोष मानत नाही. मला खटकते ते दुसरेच. 'चकली रेसिपी मराठी' या तीन शब्दांत नाते नाही. चकलीची रेसिपी, मराठीत, असे म्हटले की कोण कोणाचे हे कळते. इथे तीन नामे प्रथमेत उभी आहेत, रेल्वेच्या फलाटावर एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन उतारूंसारखी. पुढे वाक्य करायची वेळ आली तेव्हाही लिहिणाऱ्याने त्यांना हात लावला नाही. 'मराठीत' म्हटले असते तर तो शोधशब्द मोडला असता, म्हणून 'मराठी मध्ये'. 'दिवाळीत' नव्हे, 'दिवाळी मध्ये'.

मराठी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना यात काय गेले ते लगेच कळेल. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि तो चिकटण्यापूर्वी शब्द थोडा वाकतो. पुणे वाकून पुण्यात होते, सातारा साताऱ्यात होतो, कोल्हापूर आपला दीर्घ ऊकार सोडून कोल्हापुरात होते. याला आपण वर्गात सामान्यरूप म्हणतो आणि मुले ते कंटाळून पाठ करतात. पण मराठी वाक्याची सगळी लवचीकता त्या वाकण्यात आहे. शोधगद्याला न वाकणारा शब्द हवा असतो. म्हणून 'पुणे मध्ये उत्तम दंतवैद्य', 'सातारा मध्ये घरगुती फराळ', 'कोल्हापूर मध्ये चप्पल दुकान'. या सवयीला दुसरीही कारणे आहेत, हे मी नाकारीत नाही. पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन अक्षरांत टाइप करतात, 'रेसिपी इन मराठी' असे इंग्रजी वळणाने विचारतात. त्यातला 'इन' गळून मागे जे उरले तेच शीर्षक झाले. इंग्रजीवरून घाईने केलेल्या भाषांतरांनीही हातभार लावला. परंतु विचारणारा तोडके बोलतो म्हणून सांगणाऱ्यानेही तोडके बोलावे, हा न्याय कुठला? दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक नुसते "साखर?" असे विचारते. दुकानदार "साखर साखर साखर" असे उत्तर देत नाही.

आता ज्या यंत्रासाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्याला तरी तो हवा आहे काय? इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण गैरसमजाचे मूळ त्यात आहे.

पहिली शोधयंत्रे पानावरचे शब्द पाहून पानाची पारख करीत. ज्या पानावर 'मोटार' शब्द जास्त वेळा, ते पान मोटारीविषयी अधिक, असा ढोबळ हिशेब. म्हणजे पानाने स्वतःविषयी दिलेली साक्ष ग्राह्य धरण्यासारखेच ते होते, आणि लोकांनी अर्थातच खोट्या साक्षी दिल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली ती निराळ्या कल्पनेवर: पान स्वतःविषयी काय म्हणते याबरोबर, दुसरी पाने त्याच्याकडे किती वेळा बोट दाखवतात आणि बोट दाखवणारा कोण आहे, हे पाहायचे. आपल्या गावातही वैद्य कोणता चांगला हे वैद्याला विचारीत नाहीत. मग लोकांनी बोटे विकत घेण्यास सुरुवात केली. जे. सी. पेनी या अमेरिकेतील जुन्या दुकानसंस्थेच्या नावे असंबद्ध संकेतस्थळांवर असे हजारो दुवे लावलेले होते, हे न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीस आणले आणि ते दुकान यादीत धाडकन खाली गेले. त्याच्याही आधी, फेब्रुवारी २००६ मध्ये, बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही दिवस यादीतूनच काढून टाकले होते. यंत्राला दाखवायला शब्दांनी ठासलेले एक पान आणि माणसाला दाखवायला दुसरे, असा प्रकार तेथे होता. पानाच्या पोटात लपवून ठेवायची शोधशब्दांची जी यादी असे, तिला आपण क्रम लावताना मुळीच विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. तरी ती यादी करून देण्याचे पैसे आजही घेतले जातात.

आणि यापुढची गोष्ट मला सर्वांत रसाळ वाटते. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने आपल्या यंत्राला वाक्य वाचण्याची नवी रीत शिकवली. तिचे नाव बर्ट. ती समजावून सांगताना त्यांनी दिलेले एक उदाहरण असे होते: ब्राझीलचा प्रवासी अमेरिकेला जात असेल तर त्याला व्हिसा लागतो काय? जुने यंत्र इंग्रजीतील 'टू' या चिमुकल्या शब्दाकडे दुर्लक्ष करी, आणि ब्राझीलला निघालेल्या अमेरिकनांसाठी लिहिलेली पाने पुढे आणी. नवे यंत्र त्या 'टू'चा अर्थ लावते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा सगळा फरक 'हून' आणि 'ला' यांचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही रीत सत्तराहून अधिक भाषांना लागू झाली, आणि त्यांत मराठीही होती. म्हणजे तिकडे यंत्र रात्रीचा दिवस करून विभक्ती शिकत होते आणि इकडे आपण यंत्राला बरे वाटावे म्हणून विभक्ती टाकून देत होतो!

हे कोणा विरोधकाचे म्हणणे नव्हे. छोट्या संकेतस्थळवाल्यांसाठी गूगलने जी प्राथमिक मार्गदर्शिका ठेवली आहे, तिच्यात तेच शब्द पुन्हा पुन्हा घालणे वाचकाला शिणवते आणि नियमांविरुद्धही आहे, असे स्वच्छ सांगितले आहे. मजकूर अमुक इतक्या शब्दांचा असलाच पाहिजे असा जादूचा आकडा नाही, असेही तिच्यात आहे. तरी आकड्याची श्रद्धा जात नाही. पाककृतीच्या पानावर साहित्य येण्यापूर्वी चकलीचे माहात्म्य, दिवाळीचे माहात्म्य, लेखिकेच्या आजोळचे वर्णन आणि मध्येमध्ये जाहिराती येतात त्या या श्रद्धेपोटी, आणि काही अंशी त्या जाहिरातींसाठीच. कीर्तनात पूर्वरंग असतो तो उत्तररंगाची भूक लावण्यासाठी. इथे पूर्वरंग संपेपर्यंत कढईतले तेल धुरावते. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. वाटी आणि चमचा ही घरातली मापे त्यांनी धरली. त्या मापांनी किती जणींचा संसार सावरला हे जुन्या घरांतील तेलकट झालेल्या प्रती सांगतील. ते गद्य कोणी वाङ्मय म्हणून वाचले नाही, पण त्यात कामावाचून एक शब्द सापडत नाही.

वह्यांचे म्हटले ते असे. 'माझा आवडता सण' या विषयावर मुलांकडून निबंध घेतला की निम्म्या वह्यांत सण नसतो, संकेतस्थळ असते. एका मुलाने शेवटी "हा निबंध तुम्हाला कसा वाटला ते कमेंट मध्ये नक्की कळवा" हेही सुवाच्य अक्षरात उतरवले होते. मी हसले आणि मग 'कमेंट मध्ये' या दोन शब्दांखाली लाल रेघ ओढली. दहा-अकरा वर्षांच्या त्या पोराला 'मध्ये' जोडून लिहायचे असते हे मी शिकवले होते. पण रोज पडद्यावर दिसणारे छापील अक्षर बाईपेक्षा मोठे ठरते.

आता दुसरी बाजू. तिच्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल, आणि आम्हा लिहिणाऱ्यांची त्यात सुटका नाही.

माझा एक जुना विद्यार्थी साताऱ्यात आईच्या फराळाचा व्यवसाय पाहतो. एका संस्थेला पैसे देऊन त्याने संकेतस्थळ करून घेतले. ऑर्डरी येईनात, तेव्हा तिथल्या लोकांनी शब्दांचा तक्ता दिला आणि तो घेऊन हा माझ्याकडे आला. "बाई, 'सातारा मध्ये घरगुती फराळ' हे पानावर बारा वेळा आलं पाहिजे म्हणतात. तुम्ही लिहिणाऱ्या, तुम्ही नीट बसवाल."

"अरे, आरतीतसुद्धा धृपद इतक्या वेळा येत नाही," मी म्हटले.

"आरतीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, बाई."

त्याचे उत्तर बिनतोड होते. मग मी त्याचे मूळ पान वाचले आणि मान खाली घालावी असे गद्य निघाले ते आमच्याच गोतातले. 'परंपरेचा सुगंध', 'मायेचा ओलावा', 'संस्कृतीच्या वारशाची चव'. चकली हा शब्द नाही. अनारसे नाहीत. भाव नाही, पेठ नाही, किती दिवस आधी सांगावे लागते ते नाही. असेल ते सगळे एका रंगीत चित्रावर सुंदर वळणदार अक्षरांत कोरलेले. आणि चित्रातले अक्षर म्हणजे यंत्राच्या लेखी भिंतीवरची नक्षी. तिच्यावरून काही उमगले तर उमगले. जोडीला साध्या अक्षरात वर्णन दिलेले नसेल तर भरवसा नाही. मराठीचे हे दुखणे जुने आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली वर्तमानपत्रे ज्याचा त्याचा टंक वापरीत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन चिन्हे. त्यामुळे कितीतरी मराठी मजकूर डोळ्यांना दिसत असून शोधणाऱ्याला सापडत नव्हता. आता टंकाची अडचण गेली, तर आपण तोच अंधार चित्रांनी करून ठेवला आहे.

शोधगद्याच्या मुळाशी जो उपदेश आहे तो इथे शंभर टक्के खरा ठरतो. प्रत्येक पानाला त्याचे स्वतःचे शीर्षक द्या, आत काय आहे ते शीर्षकात सांगा, चित्राखाली चित्रात काय आहे ते लिहा, आणि गिऱ्हाईक ज्या शब्दाने वस्तू मागते तो शब्द वापरा. 'केशकर्तनालय' असे पाटीवर लिहिणाऱ्याचे गिऱ्हाईकही घरी "सलूनला जाऊन येतो" असेच सांगून निघते. हा शेवटचा धडा तर कादंबरीकाराने गिरवावा असा आहे. संवाद लिहिताना माझी अर्धी मेहनत, माणसे वस्तूला खरोखर काय म्हणतात हे ऐकण्यात जाते.

म्हणून मी त्या मुलाचा तक्ता बाजूला ठेवला आणि त्याच्या आईला विचारले की फोनवर लोक काय काय विचारतात. त्या माउलीने एका दमात सांगितले. चकली भाजणीची का? किती दिवस टिकते? पाव किलो देता का? पुण्याला पाठवाल का? आमचे अनारसे तेलात हसतात, पीठ मिळेल का? हे प्रश्न ऐकताना वाटले, की एवढे पैसे घेणाऱ्या त्या संस्थेने हा एक फोन करायला काय हरकत होती? या प्रश्नांची उत्तरे हेच पान. अनारसे का हसतात, तर पिठात गूळ जास्त झाला म्हणून. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचे असते, ही त्यातली मेहनत. आणि ती होत नसेल तर तयार पीठ मिळेल. असे एक एक वाक्य मी लिहीत गेले. त्यात 'सातारा' आठ-नऊ वेळा आपसूक आला, पण प्रत्येक वेळी वाकून: साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्याच्या बाहेर.

त्या संस्थेचा आणखी एक सल्ला होता. सातारा, कराड, वाई, फलटण, कोरेगाव अशा प्रत्येक गावाच्या नावाचे निराळे पान करायचे, मजकूर तोच, फक्त गावाचे नाव बदलायचे. असली दारे उघडून ठेवणे गूगलच्या नियमांत बसत नाही, हे तर झालेच. मला आठवली ती आपल्या जुन्या पेढ्यांवरची पाटी: आमची कोठेही शाखा नाही. चार शब्दांत केवढा तोरा आणि केवढी माहिती! नकाशावर दुकानाची नोंद करतानाही गूगल हाच आग्रह धरते. पाटीवर जे नाव असेल तेच द्या, त्याला 'उत्तम', 'स्वस्त', 'सातारा मध्ये' अशी शेपटे लावू नका. लहान दुकानाला खरा आधार त्या नकाशातील नोंदीचा असतो. तिथे क्रम लागतो तो दुकान मागणीला किती जुळते, किती जवळ आहे आणि किती नावाजलेले आहे यांवर. पत्ता, वेळ, फोन बरोबर असणे आणि खऱ्या गिऱ्हाइकांनी चार शब्द लिहिणे, यांचे मोल मोठे.

चांगले गद्य लिहिले म्हणून पान वर जातेच, असे मात्र कोणी समजू नये. जुन्या, नावाजलेल्या, ज्यांच्याकडे चहूकडून बोटे दाखवली जातात अशा स्थळांपुढे नवे पान बराच काळ मागेच राहते. शिवाय २०२४ पासून एक नवी अडचण उभी आहे. मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात गूगलने पानांच्या यादीच्या वर स्वतः रचलेले उत्तर दाखवायला सुरुवात केली. चकलीला लागणारे साहित्य ते यंत्रच सांगून मोकळे होईल. मग 'चकली रेसिपी मराठी' अशी हजार पाने करणाऱ्यांचे दुकान कोण उघडील? साताऱ्यात पाव किलो अनारसे कोण देते, कधी देते आणि केवढ्याला, हे मात्र त्याला कोणाच्या तरी पानावरूनच घ्यावे लागेल.

शीर्षकाबाबत आमचे दोघांचे जमले नाही. 'साताऱ्यात घरगुती फराळ' असे मी लिहिले होते; त्याने 'सातारा मध्ये घरगुती फराळ' असे केले. "एवढं राहू द्या, बाई. लोक तसंच टाइप करतात." मी "निदान 'मध्ये' जोडून तरी लिही" म्हटले, तेही त्याने ऐकले नाही. शीर्षक त्याचे राहिले, खालचे परिच्छेद माझे.

पान तयार झाल्यावर त्याने ते आईला वाचून दाखवले. तिची हरकत एकाच ठिकाणी होती. "अनारसे हसतात हे आपल्या पानावर कशाला? आमचे नाही हसत." ते वाक्य मी काढले नाही. त्याच्या पुढे तिचे वाक्य तसेच्या तसे घातले.